नदीच्या खालच्या अंगाला

मित्रांनो, नदी तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिली असेल. कुणी एस.टी.च्या खिडकीतून, कुणी पुलावर उभे राहून. तुमच्यापैकी काही जण तिच्यात पोहायलाही शिकले असतील. पण नदी जिथे सुरू होते तिथपासून ती जिथे संपते तिथपर्यंत, तिच्या सोबतीने कधी गेला आहात का? आम्ही जाऊन आलो! आमची नदी तशी लहान, साधारण ८० किलोमीटर लांबीची. म्हणून एका दिवसात हे जमले. तिचे नाव पंचगंगा.

आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात, नदीच्या अगदी जवळ. फेब्रुवारी महिन्यात आम्ही दोन वडाप जीप ठरवल्या. सातवीची बावीस मुले, मी आणि आमचे एक सहकारी गुरुजी असे सकाळी सहालाच निघालो. सोबत सामान काय होते, सांगू? दोरी बांधलेली एक बादली, रबरी हातमोजे, झाकणाच्या पाच बाटल्या, काचेचा एक उभा ग्लास आणि जुने वर्तमानपत्र. शिवाय प्रत्येकाच्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होतीच.

वर्तमानपत्र कशाला? तर आमचा एक सोपा प्रयोग होता. नदीचे पाणी ग्लासात भरायचे, ग्लास वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि वरून डोकावून खालची अक्षरे वाचता येतात का ते बघायचे. नदीची अक्षरओळख परीक्षा, असे नाव मुलांनीच ठेवले.

चार नद्या, आणि एक न दिसणारी

कोल्हापूर शहराच्या वायव्येला प्रयाग चिखली नावाचे गाव आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचे पाणी इथे एकत्र झालेले असते. पाचवी सरस्वती. ती गुप्त आहे, असे लोक मानतात. अशा पाच जणी मिळून झाली पंचगंगा.

या साऱ्या नद्या सह्याद्रीतून येतात. तिथे पाऊस धो धो पडतो आणि तो अडवायला धरणेही आहेत. त्यांतले भोगावतीवरचे राधानगरीचे धरण तर प्रसिद्धच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी त्याचे काम सुरू केले. त्याचे स्वयंचलित दरवाजे धरण काठोकाठ भरले की आपले आपण उघडतात, बरं का! पावसाळ्यात "राधानगरीचा दरवाजा उघडला" अशी बातमी आली की नदीकाठची गावे सावध होतात.

प्रयागला पाणी शांत होते. पलीकडच्या काठावर बगळे उभे होते. गुरुजींनी बादली टाकली, ग्लास भरला. अक्षरे थोडी धूसर, पण वाचता आली. एकाने तर साबणाच्या जाहिरातीतली किंमतसुद्धा वाचून दाखवली. नदी पहिल्या परीक्षेत पास झाली!

काठावर एक आजी शेळ्या घेऊन आल्या होत्या. इतकी पोरे बघून त्या थांबल्या. आम्ही त्यांना विचारले, "आजी, पूर्वी प्यायचं पाणी इथूनच न्यायचा का?"

"मग काय तर! आमच्या येळंला नळ कुठं हुतं? वरच्या अंगाला प्यायचं पाणी भरायचं. त्येच्या खाली धुणी. आन् त्येच्या बी खाली म्हसरं. कुणी वरच्या अंगाला म्हस घातली, तर आख्खं गाव भांडायला उठायचं."

मुले हसली. मी मात्र त्यांना ते वहीत लिहून घ्यायला सांगितले. कारण आजींनी दोन वाक्यांत फार मोठी गोष्ट सांगितली होती. नदी वाहती असते. वरच्याने काही केले की ते खालच्याकडे जाते. म्हणून जुन्या गावांनी पाणवठ्याचा क्रम लावला होता. तो क्रम कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नव्हता, पण बहुतेक सगळे पाळायचे. नाही पाळला तर लाज वाटायची.

एका मुलीने विचारले, "बाई, खालच्या अंगाला फक्त म्हशीच असायच्या?"

प्रश्न लहान होता, पण उत्तर टाळता येण्याजोगे नव्हते. मी सांगितले, की नाही. त्या व्यवस्थेत एक मोठा अन्यायही होता. जातीच्या नावाखाली कितीतरी माणसांना चांगल्या पाणवठ्यावर येऊच देत नसत. त्यांनी उरलेले पाणी घ्यायचे, नाहीतर दुसऱ्याने ओंजळीत ओतण्याची वाट पाहायची. आपल्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा हुकूम काढला. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. तहान भागवायला ते गेले नव्हते. पाण्यावर सगळ्या माणसांचा सारखा हक्क आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

मग मी प्रवासासाठी एक प्रश्न दिला. एका गावाचा खालचा पाणवठा जिथे संपतो, तिथून पुढे दुसऱ्या गावाचा वरचा पाणवठा सुरू होतो. त्या दुसऱ्या गावाने काय करायचे? याचे उत्तर दिवसभर शोधायचे, आणि संध्याकाळी सांगायचे.

घाटावर समुद्रदेव!

कोल्हापूरचा पंचगंगा घाट फार देखणा आहे. दगडी पायऱ्या, नदीतच उभी असलेली लहान लहान देवळे, बाजूला जुना दगडी शिवाजी पूल. पावसाळ्यात पुराचे पाणी चढले की ही देवळे पाण्याखाली जातात. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर तर तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना आठवत असतील.

घाटाजवळच ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४० च्या दशकात तिथे उत्खनन झाले. जमिनीखाली जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. तिथे काय सापडले असेल, ओळखा पाहू! पॉसिडॉन नावाच्या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती. हा देव ग्रीक लोकांचा. रोमन लोकांबरोबर व्यापार चालत असे, त्यातून ती इथवर आली असावी. आता ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. म्हणजे नदीकाठचे हे गाव किती जुने बघा! दोन हजार वर्षे माणसे इथे राहिली, कारण इथे चांगले पाणी होते.

घाटावरून पुढे गेलो आणि जयंती नाला पाहिला. नाव किती छान, पण नाकाला रुमाल लावावा लागला. शहराचे सांडपाणी या नाल्यातून येते. कोल्हापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती. आपल्या घरात जितके पाणी येते, त्यातले साधारण ८० टक्के पाणी मोरीतून आणि संडासातून बाहेर पडते. आता साडेपाच लाखांच्या मोऱ्यांचा हिशोब करा!

हे पाणी उपसा केंद्रातल्या पंपांनी उचलून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेतात. त्याची क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर आहे. दुधाळीलाही एक लहान केंद्र आहे. तिथे आधी चाळणीने कचरा आणि वाळू काढतात. मग मोठ्या हौदांमध्ये हवा सोडतात, म्हणजे जिवाणू पाण्यातली घाण खाऊन टाकतात. मग गाळ खाली बसतो आणि वरचे निवळ पाणी बाहेर काढतात. पण पंप थांबले, वीज गेली किंवा नाला भरून वाहू लागला, की ते पाणी तसेच नदीत उतरते. नदी काही "आज सुट्टी आहे" म्हणून थांबत नाही.

इथे एक चांगली गोष्टही सांगायलाच हवी. पूर्वी गणपतीच्या विसर्जनाला साऱ्या मूर्ती नदीत जात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही आणि तिचे रंग पाण्यात उतरतात. कोल्हापूरकरांनी मूर्तिदानाची चळवळ चालवली. आता शहरातल्या मोठ्या मूर्तींचे विसर्जन इराणी खणीत होते. हजारो माणसांनी आपली सवय बदलली आणि त्यांच्या भक्तीत काही कमी झाले नाही.

नदीचा श्वास

कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. हा 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा', म्हणजे आपल्या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दिलेली देणगी. दगडी खांबांच्या मधल्या खाचांत फळ्या बसवतात. त्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्यात बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पूर निघून जातो. पावसाळा संपला की बरगे घालायचे, म्हणजे शेतीला पाणी साठते. केवढी साधी युक्ती!

पण बरगे घातले की नदी थांबते. वाहती नदी एकामागे एक ठेवलेल्या तळ्यांसारखी होते. आणि थांबलेल्या पाण्यात घाण आली, तर ती जाणार कुठे?

बंधाऱ्यावरून पाणी खाली पडताना पांढरा फेस उसळतो. गुरुजींनी विचारले, "पाणी असं आपटतं तेव्हा त्यात काय मिसळतं?" उत्तर आले, "हवा!" बरोबर. मासे श्वास घेतात तो याच पाण्यात विरघळलेल्या हवेतला प्राणवायू. पण तो फार थोडा असतो. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम! मिठाच्या एका चिमटीपेक्षाही कितीतरी कमी.

आता सांडपाण्यात असते काय? उष्टे, खरकटे, मैला, साबण. हे सारे जिवाणूंचे खाद्य. खाद्य वाढले की जिवाणू वाढतात आणि तेही प्राणवायू वापरतात. घाण खाऊन टाकायला त्यांना किती प्राणवायू लागेल, हे मोजण्याचे माप आहे. त्याला 'बीओडी' म्हणतात. पाण्याची बाटली पाच दिवस अंधारात, ठरावीक तापमानाला ठेवून ते मोजतात. आंघोळीला योग्य अशा नदीच्या पाण्याची बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. आणि प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याची? ती २०० च्या घरात असते! लिटरभर पाण्यात प्राणवायू आहे ८ मिलिग्रॅम आणि मागणी आहे २०० मिलिग्रॅमची. म्हणजे वाढपी एक आणि पंगतीला अख्खा गाव.

नदी स्वतःला स्वच्छ करू शकते, हे खरे आहे. खडकांवर आपटत, उन्हातून वाहत ती पुन्हा प्राणवायू घेते. पण त्याला वाहतेपणा हवा, वेळ हवा आणि दोन गावांच्या मधे अंतर हवे. चिखलीच्या आजींच्या काळात म्हशींचे पाणी पुढच्या गावाला पोचेपर्यंत निवळत असे. आता माणसे कितीतरी पटींनी वाढली, गावे एकमेकांना भिडली आणि घाणीत रसायनेही आली. काही रसायने तर जिवाणूंनाही पचत नाहीत.

आपलंच गाव

शिरोली, रुकडी अशी गावे मागे टाकत दुपारी आम्ही आमच्याच गावच्या काठावर भाकरी खायला थांबलो. इथे नदीवर हिरवागार गालिचा पसरला होता आणि त्यावर सुंदर जांभळी फुले. ते केंदाळ. पुस्तकात त्याला जलपर्णी म्हणतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाणी आणि शेतातली जादा रासायनिक खते तिला फार मानवतात. दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते! तिच्या पांघरुणाखाली ऊन पोचत नाही, हवा पोचत नाही, आणि पाणी गुदमरते.

केंदाळ बाजूला सारून ग्लास भरला. अक्षरे पुसट. ठळक मथळा तेवढा वाचता आला.

जवळच एक गटार नदीत पडत होते. त्यात साबणाचा फेस, शाम्पूच्या पुड्या, औषध फवारणीचा एक रिकामा डबा. काठावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य. इतका वेळ शहराला नावे ठेवणारी पोरे गप्प झाली. मग एक जण म्हणाला, "बाई, हे तर आपलंच आहे की!"

कापडाची किंमत

पुढचा मुक्काम इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. संस्थानिक नारायणराव घोरपडे यांनी अशा उद्योगांना पाठिंबा दिला. आज गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट ऐकू येतो. लोक कौतुकाने या शहराला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. तुमच्या अंगावरच्या शर्टाचे कापड कदाचित इथलेच असेल.

सुती कापड विणण्याआधी सुताला खळ लावतात, म्हणजे धागा तुटत नाही. विणून झाले की ती खळ धुऊन काढायची, कापड पांढरे करायचे, रंगवायचे, पुन्हा धुवायचे. प्रत्येक पायरीला पाणी लागते आणि प्रत्येक पायरीचे पाणी खराब होते. खळीतला स्टार्च प्राणवायू खातो. रंग आणि क्षार तर सहजी निघतच नाहीत. हे पाणी शुद्ध करायला शहरात सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे. तरीही एका नाल्याचे पाणी आम्ही पाहिले. ते निळसर काळे होते आणि त्याला रसायनांचा उग्र वास येत होता. ते कुठून आले, हे काही त्यावर लिहिलेले नव्हते.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला आहेत. तो बराच वेळ नाल्याकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "बाई, नदी घाण होते म्हणून कारखाने बंद केले, तर आमच्या घरी काय खायचं?"

मित्रांनो, या प्रश्नाला "नदी वाचवा" असे ओरडून उत्तर देता येत नाही. त्याच्या वडिलांचा पगार खरा आहे आणि नदीचे मरणही खरे आहे. मी त्याला सांगितले, की कारखाना बंद करणे हा काही पहिला उपाय नव्हे. पण एक हिशोब नीट लिहायला हवा. कापडाच्या किमतीत सूत धरतात, रंग धरतात, वीज धरतात, मजुरी धरतात. मग वापरलेले पाणी शुद्ध करण्याचा खर्च का धरायचा नाही? तो वाचवला तर कापड थोडे स्वस्त मिळते खरे, पण तो खर्च नाहीसा होत नाही. तो नदीबरोबर खालच्या अंगाला जातो. तिथला शेतकरी, तिथला भोई, तिथली आजारी पोरे तो भरतात. त्यांनी तर ते कापड घेतलेलेही नसते!

आणि खालच्यांनीच भरायचा, असेही नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात खुद्द इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले की काविळीचा विषाणू घरोघर पोचतो. हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. माग चालवणारे, रंगारी, दुकानदार, शाळकरी मुले, कुणालाच त्याने वगळले नाही.

आज या शहराच्या उशाला पंचगंगा आहे, तरी त्याला कृष्णेचे पाणी आणावे लागते. वारणेचे पाणी आणायचे ठरले, तेव्हा तिथल्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेचे ठरले, तर तिकडच्या गावांनी विरोध केला. दोन्हीकडची माणसे आपलीच, आणि दोघांनाही पाण्याची काळजी. कोल्हापूर शहरालाही २०२३ पासून दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी येते. दारातली नदी बिघडली, की दुसऱ्याच्या दारातल्या नदीकडे बघावे लागते. आणि मग शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडण लागते.

तेरवाडचा बंधारा

उन्हे कलली तेव्हा आम्ही शिरोळ तालुक्यातल्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर पोचलो. उन्हाळ्याच्या तोंडाला इथे मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या दिवशी खच नव्हता, पण बरग्यांना लागून काही मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. पाणी काळपट, त्यावर तवंग. ग्लास भरला, वर्तमानपत्रावर ठेवला. कुणालाच काही वाचता आले नाही. मथळासुद्धा नाही.

काठावर एक भोई मामा जाळे गुंडाळत बसले होते. मुलांनी त्यांना गराडा घातला.

"मामा, मासे मरतात कशानं?"

"श्वास कोंडून मरत्यात. आदी वर येत्यात, तोंड उघडून हवा मागत्यात. लोक म्हनत्यात, बघा किती मासं आल्यात वर! पोतीच्या पोती भरून न्हेत्यात. म्या न्हाई न्हेत."

"का?"

"हवा मागायला आलेल्याला कसं धरायचं?"

कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने मामाच म्हणाले, "माझ्या बापानं हितं हातभर लांबीचं मासं धरल्यालं म्या बघितल्यात. माझा पोरगा आता सूतगिरनीत जातोय. तो तरी काय करनार?"

परत जीपमध्ये बसताना मघाचा तो मुलगा, ज्याचे वडील रंगाच्या कारखान्यात आहेत, मामांकडे गेला. काय बोलला कोण जाणे. मामांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढे मात्र दिसले.

संगम

पुढे कुरुंदवाडजवळ, नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. संगमावर दत्ताचे प्रसिद्ध देऊळ आहे. लांबून आलेले भाविक घाटावर उतरून डोळ्यांना पाणी लावत होते, कुणी तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावत होते. मला चिखलीच्या आजी आठवल्या. सकाळी जे पाणी आम्ही पाहिले, ते इथे येईपर्यंत किती पाणवठ्यांच्या खालून आले होते!

आणि इथेही ते संपत नाही. कृष्णा पुढे कर्नाटकात जाते, मग तेलंगण आणि आंध्र प्रदेशातून वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठमोठी धरणे तिच्यावर आहेत. तिथल्या कितीतरी गावांचा वरचा पाणवठा म्हणजे आपण. त्यांची भाषा आपल्याला येत नाही, ते आपल्याला ओळखत नाहीत. पण आपण नदीत काय टाकले, ते त्यांच्याकडे जाते.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी सकाळचा प्रश्न पुन्हा विचारला. खालच्या गावाने काय करायचे?

"पाणी गाळून प्यायचं," एक म्हणाला.

"गाळून रंग जातो का?" दुसऱ्याने त्याला गप्प केले.

"दुसऱ्या नदीचं आणायचं."

"ती पण कुणाची तरी असते!"

बराच वेळ वाद झाला. शेवटी एक शांत मुलगी म्हणाली, "बाई, प्रश्नच चुकलाय. खालच्या गावानं काय करायचं असं कसं विचारता? करायचं तर वरच्या गावानं आहे."

मला वाटते, पर्यावरणाची नीती म्हणून जे काही मोठमोठ्या पुस्तकांत लिहितात, त्यातले निम्मे तरी तिने सांगून टाकले. उरलेले निम्मे भोई मामांनी सांगितले होते. नदी फक्त माणसांची नाही. माशालाही तिच्यात श्वास घ्यायचा असतो, आणि त्याला तक्रार करायला कुठे जाता येत नाही.

जलप्रदूषण रोखण्याचा कायदा आपल्या देशात १९७४ साली झाला. नद्या आणि सरोवरांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे १९७६ पासून आपल्या संविधानात नमूद आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर मूलभूत कर्तव्यांची यादी असते. तिच्यात शोधा, नक्की सापडेल. शुद्धीकरण केंद्रे नीट चालवणे, कारखान्यांवर लक्ष ठेवणे ही मोठ्यांची कामे आहेत. मुलांनी गटारात शाम्पूची पुडी टाकली नाही म्हणून पंचगंगा लगेच निवळणार नाही, हे मी माझ्या वर्गापासून लपवून ठेवत नाही. पण मोठ्यांना प्रश्न विचारायला आपण लहान आहोत, असेही मानू नका.

त्या आठवड्यात मुलांनी दोन पत्रे लिहिली. पहिले आमच्या ग्रामपंचायतीला. गावच्या गटारासाठी शोषखड्डे आणि निर्माल्यासाठी कुंड करा, अशी त्यात विनंती होती. निर्माल्य कुंड झाले आहे. शोषखड्ड्यांसाठी मुले पुन्हा पत्र लिहिणार आहेत.

दुसरे पत्र नदीच्या खालच्या अंगाच्या एका शाळेला. "आम्ही तुमच्या वरच्या गावातली मुलं आहोत. आमच्या गावातून तुमच्याकडे काय काय वाहत येतं, ते आम्ही मोजलं आहे. यादी सोबत जोडली आहे. यातलं काय बंद झालं, ते दर महिन्याला कळवू," असे त्यांनी लिहिले. पाच बाटल्यांचे निष्कर्षही पाठवले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्या शाळेच्या मुलांनी आभार मानले होते, आम्हाला वाडीच्या जत्रेला बोलावले होते, आणि शेवटी एक ओळ होती: "तुमच्याही वर एक शाळा असेल ना? त्यांना पत्र लिहिलंत का? आम्ही आमच्या खालच्या शाळेला लिहितो आहोत."

आमची मुले आता वरच्या शाळेचा पत्ता शोधत आहेत. मित्रांनो, तुमच्या गावाजवळून जी नदी, ओढा किंवा नाला जातो, त्याच्या खालच्या अंगाला कोणते गाव आहे? नकाशा काढा आणि बघा बरं!